गाणी कुणाच्या घरात? एमपीथ्री प्लेअर निवडण्याची दहा वर्षं

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकून तुमच्यातले बरेच जण म्हणतील, हे काय काढलंय आता? गाणी फोनमध्येच असतात, ती ऐकायला वेगळी वस्तू विकत घ्यायची आणि वर ती निवडायची कशी यावर अख्खा भाग?

तर हो, अख्खा भाग. कारण १९९८ ते २००८ या दहा वर्षांत जगभरातल्या तुमच्याच वयाच्या पोरापोरींना या प्रश्नाने छळलं होतं. दुकानात काचेच्या मागे सात-आठ प्लेअर मांडलेले असायचे. कुणाची मेमरी जास्त, कुणाची बॅटरी चांगली, कुणात एफएम, कुणाचा रंग झकास. लोक खोक्यांवरचे आकडे वाचायचे, मित्रांना विचारायचे आणि एक उचलायचे. माझं म्हणणं असं आहे की ज्या गोष्टीने खरा फरक पडणार होता ती खोक्यावर ठळक लिहिलेलीच नसायची. ती गोष्ट म्हणजे, या यंत्रात टाकलेली गाणी उद्या यातून बाहेर काढता येतील का? दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर वाजतील का? थोडक्यात, तुम्ही यंत्र निवडत होता की तुमच्या गाण्यांचा घरमालक?

आधी एमपीथ्रीबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सीडीवर आवाज साठवताना दर सेकंदाला ४४,१०० वेळा त्याचं माप घेतलं जातं, तेही दोन्ही कानांसाठी वेगवेगळं. त्यामुळे चार मिनिटांचं गाणं चाळीस एमबीच्या घरात जातं. जर्मनीत एर्लांगेन गावी फ्राउनहोफर नावाची संशोधन संस्था आहे. तिथे कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या कानाची एक खोड पकडली. गणपतीत ढोलताशाच्या पथकाशेजारी उभे असताना मित्र कानाशी कुजबुजला तर ऐकू येतं का? नाही. मोठा आवाज आजूबाजूचा बारीक आवाज झाकून टाकतो. मग जे ऐकूच येणार नाही ते साठवायचं कशाला? तेवढं गाळलं की चाळीस एमबीचं गाणं चारच्या आसपास येतं. सुझान वेगा या गायिकेचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं ब्रांडेनबुर्ग यांनी चाचणीसाठी वापरलं, कारण त्यात नुसता आवाज आहे, वाद्य नाही. गाळणी जरा चुकली की लगेच कानाला खटकतं. फाइलच्या नावापुढे लागणारी ‘एमपीथ्री’ ही शेपटी जुलै १९९५ मध्ये ठरली.

आता यंत्रं. दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन १९९८ मध्ये आला. मेमरी ३२ एमबी. जीबी नाही, एमबी! त्यात साधारण अर्धा तास गाणी. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या डायमंड मल्टिमीडिया कंपनीने रिओ पीएमपी३०० काढला. मेमरी तेवढीच, पेन्सिल सेलवर चालणारा, किंमत २०० डॉलर. अर्ध्या तासासाठी २०० डॉलर. सोनीचा कॅसेटवाला वॉकमन १९७९ पासून बाजारात होता आणि तो कितीतरी स्वस्त पडायचा. आकड्यांकडे बघून कुणीच रिओ घेतला नसता. तरी लोकांनी घेतला, कारण त्यात फिरणारा एकही भाग नव्हता. पळताना गाणं अडखळत नव्हतं, टेप गुंतत नव्हती.

आणि मग झाला खटला. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना, आरआयएए, ऑक्टोबर १९९८ मध्ये कोर्टात गेली: रिओ विकू देऊ नका. त्यांच्या हातात १९९२ चा एक कायदा होता. त्यानुसार डिजिटल पद्धतीने संगीत रेकॉर्ड करणाऱ्या प्रत्येक यंत्रात कॉपीची कॉपी होऊ न देणारी सोय हवी आणि प्रत्येक यंत्रामागे कंपनीने रॉयल्टीचे पैसे भरायला हवेत. रिओने दोन्ही केलं नव्हतं.

इथे जी गंमत झाली ती मला फार आवडते. १९९२ चा कायदा लिहिताना कॉम्प्युटर त्यातून वगळलेला होता. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर गाण्यांखेरीज हजार गोष्टी असतात, म्हणून तिला ‘संगीताचं रेकॉर्डिंग’ मानायचं नाही, असा त्याचा अर्थ निघत होता. आणि रिओ काय करत होता? सीडीवरून नाही, रेडिओवरून नाही, फक्त कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरून गाणी उचलत होता. १५ जून १९९९ रोजी अपील कोर्टाने सांगितलं की कायद्याच्या व्याख्येत हे यंत्र बसतच नाही. पुढे कोर्ट असंही म्हणालं की ज्याच्याकडे गाणं आधीच आहे त्याने ते स्वतःसाठी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेलं, घरातल्या कॉम्प्युटरवरून खिशात घातलं, तर तो खासगी वापर आहे, त्याला या कायद्याची आडकाठी नाही.

हा निकाल उलट लागला असता तर? अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्लेअरच्या किमतीत रॉयल्टी आली असती आणि प्रत्येकात कारखान्यातूनच कॉपी रोखणारी सोय बसवावी लागली असती. आज आपण आयपॉडची गोष्ट सांगतो, पण त्याचा रस्ता रिओने कोर्टात उभं राहून मोकळा केला होता. त्या रिओचं नाव आज कुणाला आठवत नाही, हा जरा अन्यायच आहे.

पण एक बाब लक्षात ठेवा. रिओमधून गाणं बाहेर काढता येत नव्हतं. फक्त आत जायचं. कोर्टात हा मुद्दा रिओच्या बाजूने गेला: बघा, यातून कॉप्या पसरूच शकत नाहीत! म्हणजे या जातीच्या यंत्रांची सुरुवातच एकेरी रस्त्याने झाली.

पुढचा टप्पा मेमरीचा. १९९९ च्या अखेरीस कॉम्पॅकच्या संशोधकांनी तयार केलेला आणि हँगो या कोरियन कंपनीने विकलेला पर्सनल ज्यूकबॉक्स आला. लॅपटॉपमध्ये असते तसली हार्ड डिस्क त्यात घातलेली, ४.८ जीबी. ३२ एमबीवरून एकदम दीडशे पट. २००० मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ६ जीबीचा नोमॅड ज्यूकबॉक्स आणला, आकाराने सीडी प्लेअरएवढा. खिशात जायचा नाही. शिवाय गाणी भरायची त्या काळच्या यूएसबीने. पाच जीबी भरायला कागदोपत्री तास, प्रत्यक्षात अर्धा दिवस.

मग फेब्रुवारी २००१. ॲपलचे जॉन रुबिनस्टाइन जपानमध्ये तोशिबा कंपनीत गेले होते. तिथल्या इंजिनिअरांनी १.८ इंची छोटी हार्ड डिस्क दाखवली. बनवली तर होती, पण तिचं करायचं काय हे त्यांनाच नीट उमगलेलं नव्हतं. रुबिनस्टाइन यांना मात्र उमगलं. २३ ऑक्टोबर २००१ रोजी आयपॉड जाहीर झाला: ५ जीबी, ‘हजार गाणी खिशात’, ३९९ डॉलर. गाणी भरायला फायरवायर नावाची वेगवान तार, हजार गाणी दहा मिनिटांत. या यंत्राच्या पोटातली चिप पोर्टलप्लेअर या कंपनीची होती आणि त्या कंपनीचे बरेच इंजिनिअर हैदराबादला बसत होते. हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

तेव्हाच्या जाणकारांनी नाकं मुरडली. नोमॅडपेक्षा जागा कमी, वायरलेस नाही, किंमत अव्वाच्या सव्वा, आणि चालतो फक्त मॅकवर. सगळे आक्षेप खरे होते. खोक्यावरचे आकडे लावून बघितलं तर नोमॅडच सरस. पण घेणारा माणूस खिशात हात घालून बघतो. खिशात जाईल का, आणि चाक फिरवून हवं ते गाणं चटकन सापडेल का? बाकीचे जीबी मोजत होते तेव्हा ॲपलने हे दोन प्रश्न सोडवले. गंमत म्हणजे मेनूत शिरत शिरत गाणं शोधायच्या युक्तीचं पेटंट मात्र क्रिएटिव्हकडे निघालं. २००६ मध्ये ॲपलने ते भांडण मिटवायला त्यांना १० कोटी डॉलर मोजले.

त्या आयपॉडच्या वेष्टणावर एक सूचना असायची: गाणी चोरू नका. आणि आत व्यवस्था अशी की तुम्ही भरलेली गाणी डिस्कवर लपवलेल्या फोल्डरांत जायची, फाइलचं नाव बदलून चार अक्षरांचं काहीतरी व्हायचं. कॉम्प्युटर बिघडला, गाणी फक्त आयपॉडमध्ये उरली, तर ती सरळ मार्गाने परत काढता येत नसत. तुमचीच गाणी, तुमच्याच पैशांच्या सीडीवरून घेतलेली.

आकड्यांबद्दल एक शेवटची गोष्ट, कारण आजही फोन घेताना हीच फसगत होते. २००४ च्या जुलैत दोन प्लेअर जवळजवळ एकदम आले. ॲपलचा २० जीबी आयपॉड म्हणत होता, पाच हजार गाणी. सोनीचा नेटवर्क वॉकमन, तोही २० जीबीच, म्हणत होता तेरा हजार. जादू? छे. सोनीने प्रत्येक गाणं इतकं पिळून मोजलं होतं की सेकंदाला ४८ किलोबिट उरावेत. ॲपलने १२८ धरले होते. पोतं तेवढंच, फक्त मोजायचं माप छोटं घेतलेलं.

सोनीचं दुखणं मात्र यापेक्षा खोल होतं. वॉकमन ज्यांनी जगाला दिला त्यांनी या शर्यतीत तर सहज पुढे असायला हवं होतं. पण १९८८ मध्ये सोनीने सीबीएस रेकॉर्ड्स ही बलाढ्य रेकॉर्ड कंपनी विकत घेतली होती. आता एकाच घरात दोन भाऊ: एक यंत्रं विकणारा, दुसरा गाणी विकणारा. यंत्रवाल्याला हवं की लोकांनी वाटेल ती गाणी भरावीत. गाणीवाल्याला भीती की सगळं फुकट जाईल. तोडगा निघाला तो दोघांनाही बुडवणारा. सोनीचे हे प्लेअर थेट एमपीथ्री वाजवतच नसत. आधी सोनीचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाकायचं, त्यातून प्रत्येक गाणं ॲट्रॅक नावाच्या सोनीच्याच फॉरमॅटमध्ये बदलून घ्यायचं, मग ते प्लेअरमध्ये जाणार. यंत्र सुंदर, बॅटरी दणदणीत, आवाज उत्तम. आणि तुमच्याकडच्या पाचशे एमपीथ्री गाण्यांचं काय? रात्रभर बदलत बसा. नंतर सोनीने एमपीथ्री घेतलं, पण तोवर गिऱ्हाईक उठून गेलं होतं.

आता मुख्य कुलपाकडे येऊ. एप्रिल २००३ मध्ये ॲपलने आयट्यून्स स्टोअर उघडलं. गाणं ९९ सेंटला, सुरुवातीला दोन लाख गाणी. पण विकत घेतलेल्या प्रत्येक फाइलला एक डिजिटल कुलूप. हे गाणं खिशातल्या प्लेअरवर ऐकायचं तर तो प्लेअर आयपॉडच हवा. रेकॉर्ड कंपन्यांनी हट्टाने हे कुलूप लावायला लावलं, चोरी थांबावी म्हणून. आणि झालं काय? कुलूप लागलं गाण्याला, अडकला गिऱ्हाईक. ज्याने शंभर गाणी घेतली त्याला पुढचा प्लेअरही ॲपलचाच घ्यावा लागणार, नाहीतर शंभर डॉलर पाण्यात. चोराला या कुलपाचा काहीच त्रास नव्हता, त्याची एमपीथ्री कुठेही वाजत होती. त्रास फक्त पैसे देणाऱ्याला.

मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये याला उत्तर काढलं. वेगवेगळ्या कंपन्यांचे प्लेअर, वेगवेगळी दुकानं, पण कुलूप एकच, मायक्रोसॉफ्टचं. योजनेचं नाव होतं ‘प्लेज-फॉर-शुअर’, म्हणजे नक्की वाजणार. नाव लक्षात ठेवा हं. २००६ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने स्वतःचाच प्लेअर काढला, झून. आणि झूनवर ‘नक्की वाजणार’वाली गाणी वाजत नव्हती! ज्यांनी मायक्रोसॉफ्टच्या शब्दावर गाणी घेतली होती ते बघतच राहिले.

पुढे तर कहर झाला. मायक्रोसॉफ्टचं एमएसएन म्युझिक हे दुकान झून आला तेव्हाच बंद झालं होतं. एप्रिल २००८ मध्ये गिऱ्हाइकांना कळवण्यात आलं की ऑगस्टअखेर आम्ही किल्ल्या देणारा सर्व्हरही बंद करतोय. म्हणजे? कुलूपबंद गाणं नव्या कॉम्प्युटरवर न्यायचं तर आधी त्या सर्व्हरकडून परवानगी लागायची. सर्व्हर गेला की जुना कॉम्प्युटर आहे तोवर गाणं आहे. तो मोडला की विकत घेतलेलं गाणं गेलं. लोकांनी इतका गोंधळ घातला की मुदत २०११ च्या अखेरपर्यंत वाढवावी लागली. पण ‘विकत घेतलं’ या शब्दाचा अर्थ त्या पत्राने पोरांना शिकवला.

स्टीव्ह जॉब्ज यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये जाहीर पत्र लिहून रेकॉर्ड कंपन्यांनाच सांगितलं की हे कुलूप काढा. त्यात एक हिशेब होता: तोवर विकलेली गाणी भागिले विकलेले आयपॉड केलं तर एका आयपॉडमागे फक्त २२ गाणी येतात. हजार गाण्यांच्या यंत्रात दुकानातली २२, बाकीची सगळी सीडीवरून काढलेली किंवा इकडून तिकडून आलेली, बिनकुलपाची. त्यांचा मुद्दा असा की मग कुलपाने लोक बांधले जातात हे म्हणणंच चुकीचं. सोयीचा हिशेब आहे, ॲपलच्या फायद्याचा, पण आकडा बोलका आहे. जानेवारी २००९ मध्ये ॲपलने आयट्यून्सवरच्या सगळ्या गाण्यांची कुलपं काढत असल्याचं जाहीर केलं.

मध्येच बॅटरीचं सांगतो. केसी नाइस्टॅट हा यूट्यूबर तुम्हाला माहीत असेल. यूट्यूब जन्मायच्या आधी, २००३ मध्ये, त्याने आणि त्याचा भाऊ व्हॅनने न्यूयॉर्कमधल्या आयपॉडच्या जाहिरातींवर रंगाने एक वाक्य छापत फिरण्याचा व्हिडिओ केला होता: आयपॉडची न बदलता येणारी बॅटरी अठरा महिनेच टिकते. बॅटरी गेली म्हणून चौकशी केली तेव्हा, दुरुस्तीच्या खर्चात नवा घेतलेला बरा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्याच सुमारास ॲपलने ९९ डॉलरमध्ये बॅटरी बदलून द्यायला सुरुवात केली आणि पुढे कोर्टात गेलेल्या ग्राहकांशी तडजोडही केली. आणि झूनची गोष्ट तर अशी की ३१ डिसेंबर २००८ च्या पहाटे ३० जीबीवाले झून जगभर एकदम गोठले. लीप वर्षाचा ३६६ वा दिवस त्यातल्या घड्याळाला पचेना. कंपनीचा उपाय काय? बॅटरी उतरू द्या, उद्या दुपारनंतर चालू करा.

बरं, आपल्याकडे काय चाललं होतं?

आपल्याकडे दुकानच नव्हतं. आयट्यून्स स्टोअर भारतात आलं डिसेंबर २०१२ मध्ये, आयपॉडचा बहर ओसरल्यावर. त्यामुळे अमेरिकेतल्या मावसभावाने आणलेला आयपॉड इथे पुण्यात किंवा कोल्हापुरात पोचला तरी त्यात भरायचं काय, हे ज्याचं त्याने बघायचं. बहुतेकांकडे होत्या एमपीथ्री सीड्या. ७०० एमबीच्या एका तबकडीवर दीडशे गाणी, रस्त्यावर मिळणाऱ्या, वर चुकीच्या स्पेलिंगची यादी. कायदेशीर? अजिबात नाही. पण सगळी बिनकुलपाची, त्यामुळे कुठल्याही यंत्रात चालायची. कुलपाचा जो प्रश्न अमेरिकेतल्या पोराला पडला तो इथे पडलाच नाही. इथे कवी-संगीतकाराला पैसे मिळाले नाहीत, हा तेवढाच मोठा प्रश्न मात्र होता आणि तो कुणी विचारत नव्हतं.

यंत्रंही वेगळी. पेन ड्राइव्हसारखे दिसणारे चिनी प्लेअर, एका ओळीचा निळा पडदा, एका बाजूला ट्रिपल-ए सेल. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत झुहाई शहरातल्या ॲक्शन्स कंपनीची चिप. वर नाव कुठलंही. जाणकार मंडळी यांना हसायची. मी हसणार नाही. सेल टपरीवर मिळायचा, कॉम्प्युटरला लावला की सरळ पेन ड्राइव्ह म्हणून उघडायचा, गाणी टाका, काढा, मित्राला द्या. कसलंही सॉफ्टवेअर नको. शिवाय एफएम, जे आयपॉडमध्ये कित्येक वर्षं नव्हतं. खोट फक्त एक, पण मोठी: लिहिलेली मेमरी खरी असेलच असं नाही. चार जीबी लिहिलेल्यात एकच जीबी निघायचा, वरचं टाकलेलं गाणं गुपचूप गायब.

पण मराठी ऐकणाऱ्याची खरी अडचण आणखी वेगळी होती, आणि ती या सगळ्या यंत्रांच्या घडणीतच होती. एमपीथ्री फाइलच्या शेवटाला चिकटवलेली माहितीची चिठ्ठी असते, तिला आयडीथ्री टॅग म्हणतात. १९९६ मधली पहिली रचना अशी: गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. कलाकार एक, अल्बम एक. इंग्रजी बँडसाठी ठीक आहे. आपल्या भावगीताचं काय? कवी एक, संगीतकार दुसरा, गाणारा तिसरा, आणि ऐकणारा या तिघांतल्या कुणाच्याही नावाने गाणं शोधतो. ‘कलाकार’ या रकान्यात कुणाला बसवायचं? सीडी बनवणाऱ्याने मनाला येईल ते भरलेलं. त्यामुळे आयपॉडच्या यादीत लता मंगेशकर पाच ठिकाणी: लता, लता मंगेशकर, लता-रफी, एम. लता, आणि ‘अननोन आर्टिस्ट’मध्ये तर शेकड्याने. देवनागरीत नाव लिहिलंत तर स्वस्त प्लेअरवर नुसते चौकोन.

याचा कळस म्हणजे गीतरामायण. गदिमांनी लिहिलेली, सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेली, १९५५ पासून पुणे आकाशवाणीने आठवड्यामागून आठवडे ऐकवलेली ५६ गाणी. क्रम हाच त्याचा जीव. ती प्लेअरमध्ये टाका आणि यंत्र त्यांना इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावणार. रामजन्माआधी वनवास. मग लोक फाइलच्या नावाआधी आकडे घालायचे. तरी फसायचे, कारण कित्येक यंत्रं १ नंतर २ नाही, १० वाजवायची. अक्षर म्हणून बघितलं तर १ च्या पाठोपाठ १० च येतो ना! ०१, ०२ असं लिहिलं की सुटायचं. काही प्लेअर तर कॉपी ज्या क्रमाने झाली त्याच क्रमाने वाजवायचे. म्हणून आपल्याकडे शहाणी निवड म्हणजे फोल्डर दाखवणारा प्लेअर. ‘आर्टिस्ट’, ‘अल्बम’ची यादी दाखवणारा नको, मी बनवलेला फोल्डर, मी दिलेलं नाव, मी लावलेला क्रम. जाहिरातीत हा गुण कुणी सांगायचं नाही.

२००८ नंतर हे सगळं फोनने गिळलं. बोटाच्या नखाएवढं मेमरी कार्ड आणि गल्लीतलं मोबाइलचं दुकान. कार्ड द्यायचं, दहा-वीस-पन्नास रुपये द्यायचे, दुकानदार विचारायचा, ‘काय भरू? नवीन हिंदी, कोळीगीतं, भक्तिगीतं, डीजे?’ प्लेअर निवडायचा प्रश्न मिटला, गाणी निवडायचा प्रश्नही दुकानदाराने आपल्याकडे घेतला.

प्रामाणिकपणे विकायचा एक प्रयत्न झाला. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान उघडलं, बिनकुलपाची एमपीथ्री. जून २०१३ मध्ये ते बंद केलं, जेमतेम सव्वा वर्ष चाललं. पण ज्यांनी गाणी घेऊन उतरवून ठेवली होती त्यांची ती आजही वाजतात. एमएसएनच्या त्या पत्राशेजारी हे ठेवून बघा.

आणि २०१७ मध्ये, आता कुणी प्लेअर घेत नाही असं सगळे म्हणत असताना, सारेगामाने कारवाँ काढला. जुन्या रेडिओसारखा दिसणारा डबा, आत पाच हजार जुनी गाणी आधीच भरलेली, किंमत सहा हजारांच्या आसपास. पुढे मराठी गाण्यांचाही आला. कित्येकांनी आईबाबांसाठी घेतला. वीस वर्षं ‘तुमची गाणी तुम्ही निवडा’ म्हणून यंत्रं विकली गेली, आणि हा डबा खपला तो निवडायला काहीच नाही म्हणून. इंटरनेट नको, खातं नको, कुलूप उघडायला सर्व्हर नको. बटण फिरवा, गाणं लागतं.

आज तुमच्या फोनमध्ये गाण्याच्या ॲपला ‘डाउनलोड’चं बटण आहे. ते दाबल्यावर जी फाइल येते ती दुसऱ्या कुठल्या ॲपमध्ये उघडून बघा. उघडणार नाही. स्पॉटिफायला तर दर ३० दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, नाहीतर उतरवलेलं वाजत नाही. वर्गणी थांबली की संपलं. २००३ चं कुलूप आहे हे, फक्त आता गाणं विकल्याचं नाटक नाही, महिन्याचं भाडं आहे असं सरळ सांगितलेलं असतं. त्या अर्थाने प्रामाणिक. भाड्याच्या घरात राहायला माझी ना नाही. मात्र बाबांच्या कॅसेटवरून काढलेली आजोबांच्या भजनाची फाइल असेल तर ती त्या घरात ठेवू नका, ती स्वतःच्या फोल्डरात असू द्या.

आयपॉड मे २०२२ मध्ये बंद झाला. त्याचं नाव मात्र तुमच्या कानात अजून आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये ‘द गार्डियन’मध्ये बेन हॅमर्सली या पत्रकाराने इंटरनेटवरच्या या नव्या बोलक्या प्रकाराला काय म्हणावं असा विचार करताना दोन-तीन नावं सुचवली, त्यातलं एक आयपॉड आणि ब्रॉडकास्ट जोडून केलेलं होतं: पॉडकास्ट. ते टिकलं. आणि एमपीथ्रीवरचे हक्क सांभाळणाऱ्या फ्राउनहोफरने २०१७ मध्ये परवान्यांचा कार्यक्रम संपवला, आता तो फॉरमॅट कुणालाही मोकळा आहे.

आपला हा भागही साधी एमपीथ्री फाइल आहे. मजकुराखाली लिंक आहे, उतरवून घ्या, कुठेही वाजेल. वीसेक मिनिटांचा आहे, ६४ केबीपीएसवर दहा एमबीला थोडा कमी. रिओमध्ये असे तीन मावले असते.

पुढच्या भागात कॅसेटकडे वळू, पेन्सिलने टेप गुंडाळण्यासकट. तोवर नमस्कार.